होलान छत्रीचं चोरलेलं नाव

१

होलान छत्रीचं नाव चोरीला गेल्याचं मला कळलं तेव्हा मी न्हाव्याच्या खुर्चीत होतो आणि माझी अर्धीच दाढी झाली होती.

फोन ताओ वकीलबाईंचा होता.

"छिन, बसलायस ना?"

"बसलोय."

"मग ऐक. तुझ्या होलानसाहेबांचं नाव आपल्या आधीच कुणीतरी नोंदणीला टाकलंय."

होलानसाहेब नॉर्वेतल्या बर्गन गावचे. तिथे म्हणे पाऊस थांबला की लोक आजारी पडतात. त्यांच्या आजोबांनी छत्र्यांचा धंदा काढला, आणि गेली वीस वर्षं त्या छत्र्या आमच्या सोंगश्या गावात, लू शिंगगनच्या कारखान्यात बनतात. मी साहेबांचा इथला माणूस. मूळचा उत्तरेकडच्या शानदोंगचा. त्यांचं बोलणं लूला सांगतो, लूचं त्यांना सांगतो, आणि दोघांच्या शिव्या मधल्या मधे गिळतो.

इथे नाव नोंदवा म्हणून मी साहेबांच्या किती वर्षं मागे लागलो होतो. त्यांचं एकच उत्तर असायचं, "मी चीनमध्ये छत्र्या विकत नाही, फक्त बनवतो. मग नोंदवायचं कशाला?" यंदा कसेबसे तयार झाले, बाई कागद घेऊन बसल्या, आणि ही बातमी.

"पण नाव तर त्यांचंच आहे," मी म्हणालो. "घराण्याचं आडनाव आहे ते."

"आपल्याकडे नाव वापरणाऱ्याचं नसतं. आधी नोंदवणाऱ्याचं असतं. उद्या हे नाव त्या माणसाच्या पदरात पडलं की तो निंगबो बंदरात जाऊन सांगणार, ह्या छत्र्यांवर माझं नाव आहे, माल अडवा. आणि कस्टमवाले अडवतील. कायद्यानंच."

शरद ऋतूचा सगळा माल निंगबोहूनच जातो. बर्गनची वर्षाची कमाई त्यात असते आणि लूच्या दोनशे माणसांची चूलही.

"अर्ज कुणाचा आहे?"

"हांगचौच्या एका कंपनीचा. लोकांची नावं स्वतःच्या नावावर सांभाळून ठेवायची, हाच त्यांचा धंदा. खरा माणूस कोण ते सांगत नाहीत. आणि आपल्याला तोच हवाय. चोर परका असेल तर आपण हरलो, कारण साहेबांना इथे ओळखतं कोण? पण तो साहेबांबरोबर काम केलेला असेल, खाल्ल्या मिठाला न जागलेला असेल, तर कायदा त्याला ते नाव देत नाही. हरकत घ्यायला आपल्याला तीन महिने आहेत."

"म्हणजे घरातलाच चोर निघावा अशी प्रार्थना करायची?"

"हो. आणि घरातली माणसं मोजकीच आहेत, छिन. माझ्या मनातल्या यादीत पहिला तू आहेस."

न्हाव्यानं विचारलं, उरलेली दाढी करू की नको.

२

ताओबाई पन्नाशीच्या, बुटक्या, गुडघ्यानं अधू. कोटाच्या एका खिशात कलिंगडाच्या बिया, दुसऱ्यात सोललेली टरफलं. लग्न जुळवायला आलेल्या मावशीसारख्या गप्पा मारत त्या चौकशी करतात, आणि त्या उठून गेल्यावर माणसाला कळतं की आपण सगळं सांगून बसलो.

आल्या आल्या त्यांनी माझ्यासमोर कागद ठेवला. वर परकीय अक्षरांत होलान. खाली आमच्या लिपीतली दोन अक्षरं, एक पावसाचं आणि एक ऑर्किडच्या फुलाचं.

"वाच."

"यूलान," मी वाचलं. "बाईचं नाव वाटतं."

"तू होलान आपल्या अक्षरांत कसं लिहिशील?"

मी लिहिलं. हुओ आणि लान. त्यांनी ते निरखून पाहिलं.

"मीही असंच लिहिलं असतं. इथला कुणीही असंच लिहील. नाव चोरून पुढे विकायचं तर वरचं आणि खालचं सारखं ऐकू यायला हवं. ह्यानं पावसाचं अक्षर का घातलं?" कागद घडी करून बटव्यात गेला. "हे यूलान प्रकरण आपल्या दोघांतच. बायकोलाही सांगायचं नाही."

"बायको माहेरी गेलीय."

"मग फोनवरही नाही."

तिथून आम्ही लूकडे गेलो. लू शिंगगन म्हणजे दारातून आडवा होऊन आत येणारा माणूस. दमा आहे, सिगरेट सुटत नाही, आणि कामगाराच्या घरी लग्न असलं की आचाऱ्याच्याही आधी हा हजर. बाईंनी त्याला एवढंच सांगितलं, की होलानसाहेबांचं नाव कुणीतरी आपल्या आधी नोंदणीला टाकलंय.

लू खुर्चीत कोसळला. "नाव? साहेबांचं? कोण हरामखोर?"

"तुम्हाला कुणाचा संशय येतो?"

"संशय कसला, मेंगच. माझा मुकादम होता. माझ्याकडे शिकला आणि कालव्यापलीकडे स्वतःचा कारखाना टाकून बसला. बायकोच्या ताटाखालचं मांजर आहे नुसतं. छत्रीला यूलान नाव द्यायचं त्यालाच सुचणार, बायकोचं नाव आहे ना ते. वर माझा कापड बेतणारा कारागीरही घेऊन गेला. तुम्ही त्याचे पाय तोडा, खर्च माझा."

"वकील पाय तोडत नाहीत, लूशेठ. हरकत घेतात."

"मग दोन हरकती घ्या."

चहा घेऊन आम्ही निघालो. जिन्यात बाई गुडघा धरून थांबल्या.

"छिन, आत्ता आपल्याला एक गोष्ट चुकून खरी सांगितली गेली. तुझ्या लक्षात आली का?"

मी डोकं खाजवलं. त्या बी सोलत पायऱ्या उतरू लागल्या.

३

मेंगनं सगळं ऐकून घेतलं आणि तो हसत सुटला.

"वकीलबाई, चोरी करायचीच तर मी इटलीचं नाव चोरेन. होलानची छत्री वीस वर्षं मोडत नाही. असल्या छत्रीचं नाव लावून मी जेवू काय? माझ्या छत्र्या दुसऱ्या वाऱ्याला उलट्या होतात, म्हणून तर लोक परत येतात."

त्याची बायको शेजारच्या टेबलावर छत्र्यांना मुठी बसवत होती. "हे अभिमानानं सांगतोय बघा," ती म्हणाली.

बाईंनी तिच्याशी पोराबाळांच्या गोष्टी काढल्या, मग मुठींच्या, मग म्हणाल्या, "तुमचं नाव फार गोड आहे हो. कसं लिहिता?"

तिनं बोटानं टेबलावरच्या धुळीत लिहून दाखवलं. जेडच्या दगडाचं यू, मग ऑर्किडचं लान. बापानं ठेवलेलं, ती म्हणाली, दगड टिकतो म्हणून.

पावसाचं यू वेगळं. उच्चार कानाला जवळचा, अक्षर निराळं. आणि आपल्या बायकोचं नाव चुकीचं लिहिण्याइतका मेंग शूर नव्हता.

कालव्याच्या पुलावर बाई कठड्याला टेकल्या. खालून मालाची होडी चालली होती.

"मेंग नाही," मी म्हणालो.

"मेंग नाही. आता तुला दुसरी गंमत सांगते. ह्याच नावाचा आणखी एक अर्ज आहे. पहिल्याच्या दुसऱ्याच दिवशी टाकलेला."

"दोन चोर?"

"दोन. आणि एकाला दुसऱ्याचा पत्ता नाही. कचेरीनं दुसऱ्याला कळवलं, यूलान होलान असं नाव तुमच्या आदल्याच दिवशी कुणीतरी मागितलंय, तुम्हाला मिळणार नाही. पण तो घरी गेला नाही. फेरविचार करा म्हणून अर्ज करून बसलाय. रांगेत उभाच आहे."

"मग राहू दे उभा. आपण पहिल्याला हाकलू."

"आणि पहिला गेला की नाव कुणाला मिळेल?"

मी रांग डोळ्यांपुढे आणली. पहिला, दुसरा, आणि सगळ्यांत मागे आमचे म्हातारे होलानसाहेब.

"बाई," मी म्हणालो, "म्हणजे आपण जिंकलो तर हरतो."

४

तिसऱ्या दिवशी साहेब स्वतः आले. सत्तरी ओलांडलेला, काठीसारखा उंच माणूस. बायको वारल्यापासून वर्षातून दोनदा येतात आणि हॉटेलात फक्त झोपायला जातात. जेवण लूच्या घरी. लूची बायको, त्साईवहिनी, त्यांना पोटच्या पोरासारखं रागावून वाढते, आणि तिचं एक अक्षर कळत नसताना ते मुकाट्यानं जेवतात.

वहिनी मूळची सोंगश्याची नाही. फूज्येनच्या किनाऱ्यावरच्या दोंगशीची. तिथेही घरोघर छत्र्याच. लू तरुणपणी काड्या विकत घ्यायला गेला आणि काड्यांबरोबर हिलाही घेऊन आला, असं गावात अजून चेष्टेनं म्हणतात.

त्यांच्या मुक्कामाच्या तिसऱ्या दुपारी तिनं साहेबांसाठी माहेरच्या पद्धतीचं कालवांचं धिरडं केलं होतं. लूसाठी सुकवलेल्या मोहरीच्या पाल्यातलं डुकराचं मांस होतं. ताओबाईंनी दोन्हीवर हात मारला.

"खा, खा," लू साहेबांच्या वाटीत ढीग रचत होता. "छिन, त्यांना सांग, चोर सापडू दे, मी त्याला काड्यांच्या यंत्रात घालतो."

मी सांगितलं. साहेब ओशाळं हसले आणि धिरड्याकडे बघत राहिले. त्यांच्या मनात काहीतरी वेगळंच चाललं होतं.

"मी इथे नोंदवायला हवं होतं," ते म्हणाले. "सगळ्यांनी सांगितलं होतं."

तेवढ्यात बाहेर अंधारून आलं. गच्चीवर सुपांमध्ये मोहरीचा पाला वाळत होता. वहिनीनं खिडकीबाहेर पाहिलं, हातातला झारा टाकला आणि ओरडत जिन्याकडे धावली.

"लो-हो, लो-हो."

आम्ही सगळे नुसते बघत राहिलो. मग तिला भान आलं आणि ती आमच्या भाषेत म्हणाली, "अरे बसलाय काय, पाऊस आला. सुपं उचला."

मग एकच पळापळ झाली. साहेबांनी दोन सुपं उचलली, लूनं धापा टाकत एक, आणि ताओबाई अधू गुडघ्यानं शेवटच्या पायरीवर भिजत उभ्या राहिल्या. त्यांच्या हातात सूप होतं, पण लक्ष त्यात नव्हतं.

"लूशेठ, वहिनी आधी काय म्हणाल्या?"

"मला काय ठाऊक. लग्नाला तीस वर्षं झाली, तिच्या भाषेतले दोनच शब्द मला येतात. एक 'जेव' आणि दुसरा 'मर'. घाबरली की ती माहेरच्याच भाषेत ओरडते."

बाईंनी सूप खाली ठेवलं आणि मला बाजूला घेतलं.

"पहिला चोर सापडला, छिन. दुसरा तर आधीपासूनच ठाऊक आहे." त्यांनी ओला चेहरा पुसला. "आणि मला दोघांबद्दलही वाईट वाटतंय."

५

जेवणं झाल्यावर लू साहेबांना नवी मूठ दाखवायला खाली घेऊन गेला. वहिनी वाट्या विसळत होती. बाई स्वयंपाकघरातल्या स्टुलावर बसल्या, मी दाराशी.

"वहिनी, तुमच्या गावी पावसाला 'हो' म्हणतात?"

"हो म्हणतात."

"आणि ऑर्किडला?"

"लान. तुमच्यासारखंच."

"म्हणजे पाऊस आणि ऑर्किड ही दोन अक्षरं आमच्यापैकी कुणी वाचली तर यूलान. तुम्ही वाचली तर होलान."

वहिनीचे हात पाण्यात थांबले.

"वरचं नाव होलान आणि खालचं यूलान, ह्याचा मेळ मला लागत नव्हता," बाई हळू आवाजात म्हणाल्या. "चोर मूर्ख असेल, नाहीतर त्याच्या कानाला दोन्ही एकच वाटत असतील. मेंग इथलाच. छिन उत्तरेचा. लूशेठही इथलेच. साहेबांना ओळखणारं दोंगशीचं माणूस एकच आहे."

वहिनीनं नळ बंद केला.

"हांगचौच्या त्या कंपनीतल्या पोरीनं विचारलं, चिनी नाव काय लिहू. मी म्हटलं, ह्यात विचारायचं काय आहे? तो माणूस पहिल्यांदा आमच्या दारात आला तेव्हाच मी हसले होते. छत्रीवाल्याचं नाव पाऊस. वीस वर्षं माझ्या डोक्यात तो तसाच लिहिलेला आहे."

"पण का, वहिनी?" मी विचारलं. माझा आवाज चढला होता. "साहेब तुम्हाला बहीण मानतात."

"म्हणूनच." तिनं एप्रनला हात पुसले. "गेल्या वर्षी कुणीतरी आमच्या ह्याला सांगितलं, साहेबांची मुलगी कंबोडियात कारखाने बघत फिरतेय. तेव्हापासून ह्याची झोप उडाली. एक दिवस गोदामात भाच्याशी फोनवर बोलत होता. नाव आपल्या हातात आलं की म्हातारा जाईल कुठे, म्हणत होता. सोमवारी अर्ज टाकणार होते. मी शुक्रवारीच दात दाखवायला म्हणून हांगचौला गेले."

"कंपनीनं तुमचा अर्ज सोमवारी टाकला आणि लूशेठचा मंगळवारी पोचला," बाई म्हणाल्या. "थोडक्यात वाचलं." त्या माझ्याकडे वळल्या. "आठवतं? त्या दिवशी मी लूशेठना फक्त होलान सांगितलं होतं. यूलान शब्द मी उच्चारलाच नव्हता. तो त्यांच्या तोंडून आला. स्वतःचा अर्ज ज्या अर्जामुळे फेटाळला गेला त्यातलं नाव त्यांनी कचेरीच्या पत्रात वाचलं होतं. वाचलं तेही आपल्या पद्धतीनं, म्हणून मेंगच्या बायकोवर गेले. दुसरा अर्ज शेजारच्या श्याओयुए गावातल्या एका खोक्यांच्या दुकानाचा आहे. तो भाचाच ना?"

"तोच," वहिनी म्हणाली. "आता मला तुरुंगात टाकणार?"

"नाही. आता हरकतच घ्यायची नाही. घेतली तर आपण जिंकू, तुम्ही कागदोपत्री चोर ठराल आणि नाव लूशेठकडे जाईल; मग त्यांनाही चोर ठरवत पुन्हा लढायचं. त्यापेक्षा तुमचा अर्ज जसा आहे तसा साहेबांच्या नावावर करू. दाराला कुलूप लावलेलंच आहे, फक्त किल्ली द्यायची. मग मागचा अर्ज आपोआप मरतो. लूशेठना काही कळायचीही गरज नाही."

मला सुटल्यासारखं वाटलं. वहिनीनं मात्र मान हलवली.

"नाही बाई. त्याला कळायला हवं. तो रोज साहेबांच्या वाटीत मांस घालतो आणि स्वतःला जेवण जात नाही. असा माणूस फार दिवस टिकत नाही."

"मग सांगणार कोण?"

"मी. आज रात्रीची वाट कशाला बघू? बोलवा दोघांना वर."

६

वहिनीनं पिवळी दारू गरम केली आणि चौघांपुढे पेले ठेवले. स्वतः उभीच राहिली.

"म्हाताऱ्या," ती लूला म्हणाली, "तुझा चोर मी आहे."

लू हसला. मग त्यानं तिच्याकडे नीट पाहिलं आणि हसू ओसरलं. तिनं पहिल्यापासून शेवटपर्यंत सांगितलं, आवाज न चढवता, भाजीचा हिशेब द्यावा तसं. मी साहेबांना हळूहळू उलगडून सांगत होतो. लूचा सोमवारचा बेत सांगायची वेळ आली तेव्हा मी अडखळलो. लूच म्हणाला, "सांग. सगळं सांग."

मी सांगितलं. साहेबांनी पेला खाली ठेवला.

"इतके महिने मी त्या चोराच्या सात पिढ्यांचा उद्धार करतोय," लू म्हणाला.

"ठाऊक आहे. रोज ऐकत होते. माझी आई बिचारी उगाच मधे आली."

"मला का नाही सांगितलंस?"

"तुला अडवलं असतं तर तू थांबला असतास? आणि साहेबांना सांगितलं असतं तर ते उठून गेले असते, तुझं तोंड काळं झालं असतं. मग म्हटलं, तिसऱ्याच कुणीतरी नेलं असं होऊ दे. दोघंही एकाच बाजूला राहाल."

लूनं साहेबांकडे पाहिलं नाही. मला म्हणाला, "छिन, त्यांना सांग, मी भ्यालो होतो. चोरी करायची नव्हती. पण केली असती."

साहेबांनी ते ऐकलं. नंतर ते जे बोलले, ते त्याच शब्दांत पोचवताना मला त्रास झाला. मुलीनं कंबोडियात कारखाना पक्का केला आहे, ते म्हणाले. घडीच्या छत्र्या पुढल्या वर्षी तिकडे जातील. लांब दांड्याच्या इथेच राहतील, ते हयात आहेत तोवर. "हे सांगायलाच मी आलो होतो. तीन दिवस इथे जेवतोय आणि सांगायची लाज वाटतेय. मी आधी बोललो असतो तर ह्यातलं काहीच घडलं नसतं."

घडीच्या छत्र्या म्हणजे लूच्या कारखान्याचा निम्मा मजला.

"मला माणसं कमी करावी लागतील," लू म्हणाला.

"हो," साहेब म्हणाले. "मला माफ कर."

"वर्षभर आधी कळलं हे बरं झालं. त्यांना दुसरीकडे लावून देईन. काही मेंगकडे. त्याच्या छत्र्या तरी सुधारतील." मग उठून त्यानं साहेबांच्या पेल्यात दारू ओतली, आणि साहेबांनी त्याच्या. त्या दुपारी लू पुन्हा जेवायला बसला आणि बऱ्याच दिवसांनी पोटभर जेवला.

कागद ताओबाईंनी केले. हांगचौच्या कंपनीनं थोडी कुरकुर केली. बाईंनी तिथे जाऊन त्यांच्या कचेरीत बिया सोलायला सुरुवात केल्यावर ती थांबली. भाच्याचा अर्ज लूनं स्वतः मागे घेतला. निंगबोहून शरदाचा माल वेळेवर सुटला. पुढे नोंदणीचा दाखला आला, त्यावर साहेबांचं नाव, आणि खाली पाऊस आणि ऑर्किड. बाईंनी विचारलं होतं, चिनी अक्षरं बदलून हुओलान करायची का. साहेब म्हणाले, ती आहेत तशीच राहू देत.

लू मात्र पुढे कितीतरी दिवस बायकोशी बोलला नाही. बोलायचं काय हेच त्याला सुचत नव्हतं. एका सकाळी जाकीट घालून तो सरकारी कचेरीत गेला आणि दुपारी परत येऊन कारखान्याचा नवा परवाना वहिनीसमोर ठेवला. कारखान्याचा कायदेशीर प्रतिनिधी म्हणून जिथे आजवर लू शिंगगन होतं, तिथे आता वहिनीचं नाव होतं, त्साई बीचू. आमच्याकडे ह्या एका नावावर सगळं चालतं. सही त्याची आणि जबाबदारीही त्याची. मी तिथेच होतो. लूनं सकाळी मलाच कागद भरायला बरोबर नेलं होतं.

वहिनीनं चष्मा लावून दोनदा वाचलं.

"म्हणजे उद्या कारखान्यानं देणी थकवली तर विमानात आणि वेगवान गाडीत बसायची बंदी मला?"

"तुलाच."

"आणि कोर्टाचं बोलावणं?"

"तेही तुलाच."

"आणि तू काय करणार?"

"तुझ्या हाताखाली काम करीन," लू म्हणाला. "मालकीणबाई, जेवायला काय आहे?"